खर्जाचे वतनदार

या पुस्तकाच्या मागील प्रकरणांत व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या तीन वाद्यांचा परिचय करून देताना त्यांच्याच घराण्यातील ज्या चौथ्या व सर्वांत थोर आकाराच्या भावंडाला आम्ही मुद्दाम बाजूस ठेवले होते, त्या डबल बेसचा विचार आता करावयाचा आहे. तो स्वतंत्र प्रकरणात करण्याचे कारण एवढेच की, इतर तंतुवाद्यांचे वादक ज्या वाटेने जातात तिच्याहून या वाद्याच्या वादकाची वाट पहिल्या धड्यापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत निराळी असते; आणि त्याच निराळ्या वाटेवरून काही पावले चाललेला एक मुंबईकर पुढे जगातल्या नामांकित वाद्यवृंदांचा अधिपती झाला, ही हकीकत आपल्या मुलखात जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाही.

प्रथम वाद्याची ओळख. डबल बेस जमिनीवर उभा केला म्हणजे त्याचे शिर साधारणतः सहा फुटांपर्यंत पोहोचते, आणि वादक त्याला टेकून उभा राहतो किंवा उंच तिवईवर अर्धवट बसतो. घोडीपासून वरच्या अडणीपर्यंत त्याच्या तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर भरते, व्हायोलिनच्या तारेच्या तिपटीहून अधिक. व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांच्या तारा एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर लावलेल्या असतात, तर डबल बेसच्या चार तारा षड्ज-मध्यमाच्या अंतरावर लावतात. कारण तार इतकी लांब असल्यावर पंचमाचे अंतर आक्रमिण्यास मनुष्याचा पंजा पुरत नाही. सर्वांत खालच्या तारेची आंदोलने सेकंदाला सुमारे ४१. तिच्यापासून निघणाऱ्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटर भरते, म्हणजे सामान्य घरातील दिवाणखान्यात ती लहर पुरती मावतही नाही. स्वरलिपीत या वाद्याचे स्वर प्रत्यक्ष नादाहून एक सप्तक वर लिहिण्याची वहिवाट आहे. तसे न केले तर पाचरेषांच्या खाली इतक्या जादा रेषा ओढाव्या लागतील की लेखनिक व वाचक दोघेही जेरीस येतील.

डाव्या हाताचे कष्ट तर विचारूच नयेत. व्हायोलिनवादकाचा पंजा एका जागी स्थिर राहून चार-पाच स्वर सहज घेऊ शकतो. डबल बेसवर मंद्र भागात एका जागी हाताच्या कक्षेत अवघा एक पूर्ण स्वर येतो, आणि मग हात वर-खाली सरकवल्यावाचून पुढचा स्वर मिळत नाही. ही अडचण शिस्तीत बसविण्याचे श्रेय फ्रान्झ सिमांड्ल (१८४०-१९१२) या व्हिएन्नातील गुरूकडे जाते. तर्जनी, मध्यमा आणि करंगळी यांचाच उपयोग करावा, अनामिकेने करंगळीला आधार द्यावा, आणि पट्टीचे ठरीव भाग पाडून प्रत्येक भाग निराळा घोटावा, अशी त्याची पद्धती. त्याने लिहिलेला अभ्यासग्रंथ आजही बहुतेक देशांत विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडतो. गज धरण्याच्या तऱ्हा दोन आहेत. फ्रेंच तऱ्हेत तो व्हायोलिनच्या गजाप्रमाणे वरून धरतात, जर्मन तऱ्हेत तळहात खालून घालून. ही दुसरी तऱ्हा पाहताच आपल्याकडील रसिकाला सारंगियाच्या हाताची आठवण व्हावी. सारंगीचा गजही असाच खालून धरला जातो.

एवढे धूड घेऊन हिंडणे हा या पेशाचा एक स्थायी जाच आहे. आमच्या रावेरचे स्थानक भुसावळ-खंडवा लोहमार्गावर असल्यामुळे आम्हांला त्याची कल्पना करणे सोपे जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळी मुंबईचे गोमंतकीय वादक हंगामापुरते उत्तरेच्या हॉटेलांत तैनात होत. दिल्ली-मसुरीकडे इटारसीवरून जाणारी गाडी धरली तर निंभोरा, रावेर, बऱ्हाणपूर हीच वाट. व्हायोलिन मांडीवर मावते, तुतारी फळीवर ठेवता येते. डबल बेसला मात्र गार्डाच्या डब्याखेरीज थारा नाही, आणि ज्या डब्यांतून आमच्या तालुक्याची केळी बाहेरगावी रवाना होत, त्यांच्याच शेजारी त्याला उभे राहावे लागणार. शिवाय या वाद्याची पाठ, पोट आणि बाजू प्राणिज सरसाने जोडलेल्या असतात. मुंबईच्या पावसाळ्यात तो सरस मऊ पडून सांधे उकलतात, तर पारा ४५ अंशांवर चढविणाऱ्या खानदेशी वैशाखात लाकूड आकसून त्याला चीर जाते. युरोपच्या थंड, सम हवेत घडलेल्या वाद्याला आमचा देश मानवत नाही, हे, तो येथे न रुजण्याची आर्थिक कारणे शोधण्यापूर्वी, ध्यानात घेतले पाहिजे.

आता त्याच्या चाकरीविषयी. पूर्ण आकाराच्या वाद्यवृंदात साधारणतः सहा ते आठ डबल बेस असतात. त्यांचे काम बव्हंशी स्वरसंवादाचा तळ धरून ठेवण्याचे. वरचे सारे स्वर शुद्ध वाटतात की विसंवादी, हे तळाशी कोणता स्वर आहे यावर अवलंबून राहते. तानपुऱ्याचा खर्ज एकच एक षड्ज अखंड देत असतो. येथील खर्ज मात्र क्षणाक्षणाला जागा बदलतो, आणि त्याने जागा बदलली की वरच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो. हा कारभार श्रोत्याच्या नजरेत भरत नाही. बेस चुकला तर मात्र, काय चुकले हे सांगता न येणाऱ्या श्रोत्यालाही काहीतरी ढासळल्यासारखे वाटते.

नेमणूक परीक्षेनेच होते. अनेक वाद्यवृंदांत उमेदवाराला पडद्याआड उभे करून, नाव-गाव न विचारता, ठराविक उतारे वाजवावयास सांगतात. त्या उताऱ्यांची यादी पिढ्यान् पिढ्या फारशी बदललेली नाही: बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतील तिसऱ्या भागातील धाव, १८२४ साली प्रथम सादर झालेल्या त्याच्याच नवव्या सिंफनीच्या अंतिम भागात चेलो व बेस यांनी मनुष्यवाणीप्रमाणे उच्चारावयाची वाक्ये, व्हेर्दीच्या ‘ओथेल्लो’ या संगीतिकेच्या चौथ्या अंकात नायक शयनगृहात शिरतो तेव्हाचा बेसचा एकाकी आलाप, आणि माहलरच्या पहिल्या सिंफनीतील ते चमत्कारिक शवयात्रागीत, ज्यात मुलांचे एक परिचित गाणे कोमल स्वरांत फिरवून प्रथम एकट्या डबल बेसच्या तोंडी घातले आहे. हे उतारे म्हणजे काही मिनिटांचा मामला. पण त्यांच्या तालमीत उमेदवाराची वर्षे जातात. निवड झाली की उमेदवारीची मुदत, आणि ती पार पडल्यावर कायम हुद्दा. मग चाळीस-चाळीस वर्षे त्याच रांगेत उभे राहणारे वादकही निघतात.

एकल वादनाची कीर्ती या वाद्याला अगदीच मिळाली नाही असे नव्हे. हायडनने १७६१ च्या सुमारास रचलेल्या ‘प्रभात’, ‘मध्याह्न’ व ‘सायंकाळ’ या तीन सिंफनींत मंद्र तंतुवाद्याला स्वतंत्र जागा दिल्या. मोझार्टने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १७९१ साली, खर्जाचा गायक आणि डबल बेस यांच्यासाठी एक एरिया लिहिली. व्हेनिसचा दोमेनिको द्रागोनेत्ती १७९९ मध्ये व्हिएन्नास बीथोव्हेनला भेटला आणि चेलोसाठी लिहिलेला त्याचा सोनाटा त्याने डबल बेसवर वाजवून दाखविला. बीथोव्हेनने पुढे बेसकडून जे अवघड काम घेतले त्याचे मूळ अनेक जण या भेटीत पाहतात. परंतु अशी नावे बोटांवर मोजण्याजोगी. या वाद्याच्या इतिहासात खरी लक्षणीय गोष्ट निराळीच आहे: ते पुष्कळांनी आवडीने उचलले नाही, गरजेने उचलले.

जिओव्हानी बोत्तेसिनी (१८२१-१८८९) मिलानच्या संगीतशाळेत दाखल व्हावयास गेला तेव्हा फुकट शिक्षणाच्या जागा दोनच वाद्यांत शिल्लक होत्या, बासून हे फुंकवाद्य आणि डबल बेस. त्याने काही आठवड्यांत बेसची तयारी केली आणि जागा मिळविली. त्याला पुढे बेसवरचा पागानिनी म्हणू लागले, आणि १८७१ च्या २४ डिसेंबरला कैरो येथे व्हेर्दीच्या ‘आयदा’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन त्याच्या हाती होते. रशियातील गरीब यहुदी घरात जन्मलेला सेर्गेई कुसेविट्स्की (१८७४-१९५१) मॉस्कोला आला तेव्हा त्यालाही शिष्यवृत्तीसाठी याच वाद्याकडे वळावे लागले. तो बोल्शोई नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात शिरला, तेथे अग्रणी बेसवादक झाला, त्याने स्वतःच्या वाद्यासाठी एक कन्चेर्तो रचला; पुढे धनाढ्य चहाव्यापाऱ्याच्या कन्येशी विवाह झाल्यावर संचालकाची छडी हाती घेतली, आणि १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षे बॉस्टन सिंफनीचा कारभार पाहिला. बार्टोककडून ‘कन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ लिहवून घेणारा तोच. टंचाईच्या वाद्याला मागणी अधिक, आणि मागणी असलेल्या वादकाला आत शिरकाव सोपा, हा व्यवहार या दोघांच्या चरित्रांत उघड दिसतो.

आमच्या मुंबईकराची हकीकत याच मालिकेत बसते. मेहली मेहता (१९०८-२००२) या बहुतांशी स्वयंशिक्षित पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोमंतकीय, पारशी, हिटलरच्या छळातून निसटून आलेले यहुदी आणि इंग्रजी फौजेच्या बँडांतील फुंकवाद्यांचे वादक अशा मिश्र मनुष्यबळावर तो चाले. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या २९ एप्रिलला, त्यांना झुबिन हा पुत्र झाला. घरात तालमी, घरातच ध्वनिमुद्रिका, आणि तरी वडीलधाऱ्यांची इच्छा मुलाने वैद्यक शिकावे अशी. कारण मुंबईत संगीतावर पोट भरणे किती दुर्घट असते हे बापाइतके कोणाला ठाऊक असणार? स्वतः मेहलींनाच १९५५ मध्ये मुंबई सोडून मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात नोकरी पत्करावी लागली. झुबिनने मात्र त्याआधीच वैद्यकाचा नाद सोडून १९५४ साली व्हिएन्ना गाठली होती.

त्या वेळची व्हिएन्ना चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात होती. बाँबवर्षावात जळालेले तिचे संगीतिकागृह १९५५ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडले. अशा शहरात हान्स स्वारोव्स्की या कठोर गुरूपाशी संचालनाचे शिक्षण घेत असतानाच या अठरा वर्षांच्या मुलाने डबल बेसही हाती घेतला. ज्या शहरात सिमांड्लने चार दशकांहून अधिक काळ शिकवले, त्याच शहरात ही तालीम झाली. तो व्हिएन्ना चेंबर ऑर्केस्ट्रात बेस वाजवू लागला. शिवाय म्युझिकफेराइनच्या गायकवृंदात तो आणि त्याचा सहाध्यायी क्लाउदिओ आब्बादो, दोघेही खर्जात गात, एवढ्याचसाठी की, थोर संचालकांच्या ज्या तालमींना विद्यार्थ्यांना मज्जाव असे त्या गायक म्हणून उघड्या डोळ्यांनी पाहता याव्यात.

या दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. बेसच्या जागेवरून संपूर्ण वाद्यवृंद समोर दिसतो आणि संचालकाचे तोंड दिसते. व्हिएन्ना फिलहार्मॉनिकचे बेस तर रंगमंचाच्या मागच्या भिंतीलगत, मध्यभागी, एका रांगेत उभे असतात. बेसवादकाला स्वतःचे काम थोडे आणि विराम पुष्कळ; त्या विरामांत तो मोजत असतो आणि ऐकत असतो. वरच्या सुरावटीचा मोह त्याला नसतो, म्हणून रचनेचा पाया कोठे हलला, लय कोणी ओढली, हे त्याला आधी कळते. बेस वाजविणारा प्रत्येक जण संचालक होतो असा याचा अर्थ करणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्याला संचालक व्हावयाचे आहे त्याने दोन वर्षे तळाशी उभे राहून ऐकावे, याहून चांगली उमेदवारी आम्हांला सुचत नाही.

१९५८ मध्ये लिव्हरपूलच्या संचालन-स्पर्धेत झुबिन मेहता पहिला आला आणि पुढचे चक्र वेगाने फिरले: मॉन्ट्रिऑल, १९६२ पासून लॉस एंजेलिस, १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि २०१९ पर्यंत इस्रायल फिलहार्मॉनिक. वाद्य मागे पडले. ते पुन्हा जाहीरपणे हाती आले ते ३० ऑगस्ट १९६९ रोजी, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये, आणि तो प्रसंग ख्रिस्टोफर न्यूपेन या चित्रपटकाराने टिपून ठेवल्यामुळे आजही पाहता येतो. डॅनिएल बारेनबॉइम पियानोवर, इत्झाक पर्लमन व्हायोलिनवर, पिंकस झुकरमन व्हिओलावर, जॅकलीन द्यू प्रे चेलोवर आणि तेहेतीस वर्षांचे मेहता डबल बेसवर. त्या पाचांत वयाने तेच वडील. बाकीचे एकवीस ते सव्वीस वर्षांचे. रंगमंचामागे ही तरुण मंडळी एकमेकांची वाद्ये हिसकावून जी थट्टा-मस्करी करतात ती पाहताना, मैफलीपूर्वीच्या गांभीर्याविषयीच्या आपल्या साऱ्या कल्पना गळून पडतात. चारच वर्षांनी द्यू प्रेच्या असाध्य व्याधीचे निदान झाले आणि तिचे वादन थांबले.

त्या दिवशी वाजविलेली कृती म्हणजे शुबर्टचे ‘ट्राउट’ पंचक. १८१९ च्या उन्हाळ्यात शुबर्ट स्टायर या गावी गेला असता झिल्वेस्टर पाउमगार्टनर या हौशी चेलोवादक धनिकाने ते त्याच्याकडून मागून घेतले. पियानोच्या पंचकात साधारणपणे दोन व्हायोलिने, व्हिओला व चेलो असतात. येथे मात्र एक व्हायोलिन कमी करून डबल बेस घातला आहे. या एका अदलाबदलीने सारी मांडणी पालटली. तळ सांभाळण्याची जबाबदारी बेसने उचलल्यामुळे चेलो मोकळा झाला आणि वरच्या सप्तकांत गाऊ लागला. पियानोवादकाचा डावा हातही खर्जाच्या ओझ्यातून सुटला, आणि त्या वाद्याला दोन्ही हातांनी उंच, झळाळत्या स्वरांत खेळता आले. बेस स्वतः फारसे बोलत नाही. त्याच्या असण्याने इतरांना बोलण्याची मुभा मिळते. कक्षसंगीतात हे वाद्य विरळा येते, पण येते तेव्हा वादकाला लपावयास जागा नसते: वाद्यवृंदात आठांपैकी एक असलेला मनुष्य येथे एकटा असतो.

संचालकाच्या चौथऱ्याकडे न पाहता रांगेतच जन्म काढण्याचा ज्यांनी निश्चय केला, त्यांपैकी एका नावाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. हॉलिवूडच्या नट-नटीच्या पोटी १९३५ मध्ये जन्मलेली ऑरिन ओब्रायन १९६६ साली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकमध्ये डबल बेसवर दाखल झाली. त्या वाद्यवृंदातील ती पहिली कायम स्त्रीवादक. तिला घेणारा लिओनार्ड बर्नस्टाइन हा कुसेविट्स्कीचा शिष्य, आणि पुढे तेरा वर्षे ज्याच्या छडीखाली तिने वाजवले तो झुबिन मेहता; एका बेसवादकाचा शिष्य आणि दुसरा माजी बेसवादक यांच्याशी तिच्या चाकरीचा असा संबंध आला. पंचावन्न वर्षे रांगेत उभी राहून ती २०२१ मध्ये निवृत्त झाली. तिच्यावरील लघुपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले, आणि जिने जन्मभर पाठीमागे राहणे पसंत केले तिचे नाव अशा रीतीने सर्वतोमुखी झाले. आमच्या मते मेहतांच्या वैभवापेक्षा हा पंचावन्न वर्षांचा कारभारच या पेशाचा अस्सल नमुना होय.

आपल्याकडे हा पेशा रुजला का नाही? रुजला होता, पण ऑर्केस्ट्राच्या अंगणात नव्हे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी वाचावयास शिकलेले वादक मुंबईत येऊन हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात स्थिरावले. १९५० च्या दशकातील हिंदी गाण्यांच्या तळाशी बोटाने छेडलेल्या बेसचा जो मुका ठेका चालू असतो, तो त्यांच्या हातचा. पडद्यावर नावे झळकत ती संगीतकारांची, यांना त्या दिवसाची बिदागी मिळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव घराघरांत पोहोचविले, त्यांनी १९५८ मध्ये या वादकांना एकत्र करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयोग थोर होता, पण त्याला दरमहाचा आधार नव्हता, आणि तो टिकला नाही. मग विजेवर चालणारी बेस गिटार आली; ती खांद्याला अडकवून लोकलमधून नेता येते, तिला दमट हवेची भीती नाही, आणि स्टुडिओतून डबल बेस हळूहळू हद्दपार झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापला तेव्हा कझाकस्तानसारख्या दूरदेशांतून वादक आणावे लागले. ज्या शहराने मेहता दिला त्या शहराला आपला वाद्यवृंद आपल्याच माणसांनी भरता येऊ नये, ही परिस्थिती भूषणावह नाही. मुले शिकावयास तयार नाहीत म्हणून ती ओढवलेली नसून, शिकून झाल्यावर कायम नोकरी नाही म्हणून ओढवलेली आहे.

वाचकांना एक सूचना करून हे प्रकरण संपवितो. ‘ट्राउट’ ऐकावयाचे झाल्यास हातातल्या भ्रमणध्वनीच्या भोंग्यावर ऐकू नये. त्या चिमुकल्या पडद्यातून ४१ आंदोलनांचा स्वर निघतच नाही, आणि पंचकाचे चतुष्क होऊन बसते. कानावर चढविण्याचे चांगले यंत्र घ्यावे, थेट चौथा भाग लावावा, मूळ सुरावट आणि तिचे पहिले दोन अवतार होऊ द्यावेत, आणि तिसऱ्या अवतारात, पियानो वर वेगाने धावत असताना, खाली चेलोबरोबर ती सुरावट कोण वाजवीत आहे तिकडे लक्ष द्यावे.